घोडी ऐकणारा देवराव

देवराव सोमकुंवरला शहराच्या वेशीवरच्या आमच्या वाडीत कोणी ड्रायव्हर म्हणत नव्हतं. काचवाला म्हणायचे. तीस वर्षं त्यानं उघड्या ट्रेलरवर काच वाहिली. गुजरातेतल्या कारखान्यातून भरायची, धुळे, जळगाव, अमरावती करत यायचं आणि वाडीच्या गोडाऊनला उतरवायची. मनीषनगरच्या त्या चकचकीत इमारती, ज्यांच्या काचांत लोक स्वतःचे केस नीट करतात ना, त्यातल्या निम्म्या काचा देवरावच्या ट्रेलरवरून आल्या आहेत. तिथल्या कोणाला त्याचं नाव विचारा. नाही सांगता येणार.

काच आडवी नेत नाहीत. खड्ड्यात गाडी आदळली की आडवी काच मधून मोडते. म्हणून ती उभी नेतात. ट्रेलरवर लोखंडाची एक चौकट असते, दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या छपरासारखी, पण खूप उभट. तिला घोडी म्हणतात. घोडीच्या दोन्ही अंगांना काचा टेकवायच्या, खाली रबर घालायचं, वरून पट्टे आवळायचे. एका अंगाला दोन-अडीच टन काच. एवढी मोठी भिंत, आणि तिला धरून ठेवणारे दोन पट्टे. पट्ट्याचा खटका त्याच अंगाला असतो. म्हणजे पट्टा सोडणारा हमाल त्या भिंतीच्या पुढ्यातच उभा राहतो.

रस्त्यात कधी रबर सरकतं. एखादी काच खाली घसरते आणि तिरपी होऊन अडकते. बाहेरून काही दिसत नाही. पण अडकलेली काच बोलते. बारीक किर्र असा आवाज, भातात खडा दाताखाली आल्यासारखा. तो ऐकायचा तर घोडीच्या लोखंडाला कान लावायचा आणि बोटाच्या पेरानं टकटक करायची. बोलली, तर पट्ट्याला हात लावायचा नाही. क्रेन बोलवायची, काच वरून धरायची, मग सोडायचं. बोलली नाही, तर देवराव कंबर सरळ करून सांगायचा, "मुकी हाय." आणि हमाल पट्ट्याला हात घालायचे.

सात वर्षांपूर्वी याच गोडाऊनमध्ये दादाजी नावाचा हमाल काचेखाली गेला. तो ट्रेलर देवरावचा नव्हता. त्याचा ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहा पीत होता आणि मॅनेजर मधुकरराव म्हणाले, चला, सोडा पट्टा, दुसरी गाडी उभी आहे. दादाजीला बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. नंतर सांगितलं गेलं, त्याचीच चूक होती. हमालांची युनियन मी चालवतो. माझं डोकं फिरलं. आम्ही अकरा दिवस गोडाऊनचं फाटक अडवून बसलो आणि कागदावर एक नियम लिहून घेतला: ड्रायव्हरनं घोडी ऐकल्याशिवाय आणि मुकी म्हटल्याशिवाय पट्टा सुटणार नाही. खाली मधुकररावांची सही, माझी सही. नियम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच ड्रायव्हर होता. देवराव. कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं, देवरावचा कान म्हणजे कान आहे.

तेव्हापासून तिथं माणूस दबला नाही. म्हणून या एप्रिलात आम्ही देवरावचा सत्कार करायचं ठरवलं. पत्रकावर छापायला फोटो पाहिजे होता. तो मागायला मी सकाळी त्याच्या खोलीवर गेलो. देवराव रस्त्यावर होता, ट्रेलर घेऊन येत होता. घरी त्याची बायको सिंधूताई एकटीच होती.

"जय भीम, वहिनी. भाऊचा एखादा चांगला फोटो द्या. सत्कार हाय."

तिनं फोटो आणला नाही. पाणी आणलं, आणि दारातच उभी राहिली.

"सत्कार नोका करू भाऊ."

"काहून?"

"त्याइले आयकू येत नाही."

मला वाटलं ती रुसून बोलते आहे. सगळ्याच बायका म्हणतात, आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. मी हसलो. ती हसली नाही.

"कुकरच्या शिट्ट्या होतात, हे बाजूले बसून पेपर वाचते. आमच्या मोनालीची पोरगी आबा आबा करून कानाशी ओरडते, हे इकडं तिकडं पाहून राहते. तुमच्यासारख्या माणसाचा ढोला मोठा आवाज येते. गाडीचा भोंगा येते. बारीक काहीच येत नाही. मी मुद्दाम मांगं उभं राहून चमचा वाटीवर वाजवला. मानही नाही वळवली."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष! आणि तुमी आज सांगून राहिल्या?" मी ओरडलोच. "वहिनी, तो माणूस मुकी म्हणते आणि पाच जणं काचेखाली हात घालते! समजते का तुमाले?"

"मले नाही समजत तं कोणाले समजते बापा?" तिचा आवाज माझ्यापेक्षा वर गेला. "ट्रेलर आला म्हणला का मी इथं दारात येऊन बसतो. त्याइले म्हणलं, सांगून द्या. म्हणते, माह्या हाताले समजते, लोखंडाले हात लावला का समजते. मी कोणाले सांगू? तुमाले? तुमी तं हार घेऊन आले!"

खरं होतं.

"आज किती वाजता येते ट्रेलर?"

"उद्या येणार होता. मघा त्याइचाच फोन आला, आजच पोचून राहिलो म्हणे. दहाले."

सव्वानऊ वाजले होते. मी देवरावला फोन लावला. वाजत राहिला. "उचलत नाही ते," सिंधूताई म्हणाली. "फोनची टिणटिण त्याइले जातच नाही." मग मी नत्थूजीला लावला. नत्थूजी म्हणजे हमालांचा मुकादम, देवरावचा जुना जोडीदार, साठीला आलेला. त्याच्यामागं बँडबाजा चालू होता.

"नत्थूजी, देवरावभाऊले आयकू येत नाही म्हणे."

तो बँडपासून जरा बाजूला गेला.

"माहीत हाय," नत्थूजी म्हणाला.

"तुले माहीत हाय?"

"साल झालं. चिडू नोको गा. मी सांभाळून राहिलो. तो कान लावते तवा मी त्याच्या मांगून दुसऱ्या टोकाले कान लावतो. मुकी असली तं मी डोक्यावरची टोपी काढतो. टोपी निघाली तरच माह्ये माणसं पट्ट्याले हात लावते. नाही निघाली तं कोणी बिडी पेटवते, कोणी लघवीले जाते. मंग मी म्हणतो, आज माल जास्त दिसून राहिला, क्रेन बोलवा. दोन वेळा बोलावली अशी."

"देवरावले माहीत हाय का?"

"नाही बावा! त्याले कळलं तं मरन तो."

असली माणसं आमची. एका म्हाताऱ्याचा मान राखायला पाच जणांनी सालभर टोपीकडं पाहून काम केलं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मला त्यांची मुंडी मुरगाळावीशी वाटली आणि पायही धरावेसे वाटले.

"आज टोपी कोण काढन, नत्थूजी?"

"आज कायची टोपी? ट्रेलर तं उद्या हाय."

"आज येऊन राहिला. दहाले. तू कुठं हायेस?"

"सावनेरले." त्याचा आवाज खाली गेला. "साळ्याच्या पोरीचं लगन हाय. आमची सारी टोळी इथं हाय. तिथं विक्रमची नवी टोळी हाय. त्याइले... त्याइले टोपीचं काही सांगतलं नाही मी."

मी गाडीला किक मारली. विक्रमला फोन लावायचा प्रश्नच नव्हता. उतरवणीच्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचे मोबाईल ऑफिसच्या पेटीत, हाही नियम आमचाच. मधुकररावांना लावला तर त्यांनी कट केला. ते माझा फोन सात वर्षांपासून कट करतात.

वाडी नाक्यावर एक कंटेनर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंनी ट्रक. मी नालीच्या कडेनं गाडी काढली, एका भाजीवालीची शिवी खाल्ली, पुढं गेलो. घड्याळात दहाला पाच कमी. ऊन तेव्हाच चटके देत होतं. वाटेत मला एकच गोष्ट दिसत होती, पाच जणांचे हात पट्ट्यावर. आणि मनात एकसारखं घोकत होतो, जॅम आहे, त्यालाही जॅम लागला असेल. लागला नव्हता. फाटकातून आत वळलो तेव्हा ट्रेलर लागून गेला होता आणि देवराव घोडीला कान लावून वाकलेला होता.

मधुकरराव सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. विक्रम आणि त्याचे चार जण ट्रेलरला लागून उभे. हातमोजे घातलेले, बूट घातलेले. ते मोजे, ते बूट, सगळं आम्ही भांडून घेतलेलं.

"देवरावभाऊ!" मी फाटकातूनच हाक मारली. त्याची पाठ हलली नाही. त्यानं तीनदा टकटक केली, डोळे मिटले, थांबला. काय थाट होता त्या थांबण्याचा! मग कंबर सरळ केली.

"मुकी हाय."

"माह्या सासूपरीस मुकी का, दादा?" विक्रम म्हणाला. पोरं हसली. विक्रमनं खटक्यावर हात ठेवला.

"हात काढ!" मी ओरडलो. "विक्रम, हात काढ तिथून!"

हसणं थांबलं. त्या शांततेत मी ट्रेलरपाशी पोचलो होतो आणि मला ते ऐकू आलं. किर्र. थांबलं. पुन्हा किर्र. मी काही काचवाला नाही, पण तो आवाज मी दादाजीच्या दिवशी ऐकला होता.

देवराव माझ्याकडं वळला. "काय झालं गा?"

"घोडी बोलून राहिली."

"तू आयकली?"

"हाव."

"तू कधीपासून आयकाले लागला? लेक्चर द्याचं काम तुह्यं. आयकाचं माह्यं."

पोरं पुन्हा हसली. विक्रम हसत हसतच म्हणाला, "भाऊ, नियम तुमीच लिहून घेतला ना? ड्रायव्हर म्हणन तं सोडाचं."

"त्यावर सही आहे तुमची," मधुकरराव खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या तोंडात पान होतं. सात वर्षं ते हे वाक्य बोलायची वाट पाहत होते.

आणि मी थांबलो. खोटं नाही सांगत. तीन-चार सेकंद थांबलो. हे सगळ्यांसमोर बोललं, की अकरा दिवसांचा संप, ती सही, सात वर्षं आम्ही मिरवलेली गोष्ट मधुकररावांच्या पायात पडणार होती. देवरावला बाजूला घेऊन हळूच सांगावं असं मनात आलं. पण हळू बोललेलं त्याला ऐकूच येणार नव्हतं. त्याला सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागणार होतं.

"देवरावभाऊ, तुले बारीक आयकू येत नाही! दीड वर्षापासून! वहिनीनं सांगतलं मले!"

गोडाऊनच्या पत्र्यावरून माझाच आवाज माझ्याकडं परत आला. देवरावच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग ओठ आवळले गेले. तो विक्रमकडं बघेना, मधुकररावांकडं बघेना.

"सारे मांगं सरा," तो म्हणाला. "गोडाऊनच्या भिंतीपाशी जा."

"भाऊ, क्रेन बोलव."

"क्रेन बोलणाऱ्या घोडीले असते. ही मुकी हाय. मी सोडतो पट्टा. तुमी साऱ्याइनं पाहा."

मी त्याचा दंड धरला. त्यानं हिसका दिला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण तीस वर्षं ट्रेलरचं स्टेअरिंग फिरवलेला हात. मी पोरांना मागं ढकललं. देवरावनं टूलबॉक्समधून लांब पाइप काढला. एवढी बुद्धी त्याला होती, की जुनी सवय होती, कोण जाणे, तो काचेच्या पुढ्यात उभा राहिला नाही. केबिनच्या बाजूला, घोडीच्या टोकाशी उभा राहिला आणि पाइपनं खटक्यावर मारलं. मग दुसऱ्यावर.

पट्टे सुटून लोंबले. काही झालं नाही. देवराव आमच्याकडं तोंड करून उभा राहिला आणि हसला. "आयकली का?" म्हणाला.

आम्ही सगळे ऐकत होतो. त्याच्या पाठीमागं घोडी सारखी बोलायला लागली होती, न थांबता, आणि तो हसत होता. त्याचं हसू आमची तोंडं पाहून गेलं.

मग काच आली. वरचा काठ हळू, फार हळू पुढं झुकला, आणि सगळी भिंत एकदम आडवी झाली. विक्रम मघा जिथं उभा होता तिथं. जमीन हादरली. पांढरा फुफाटा उठला आणि किती तरी वेळ काचेचे बारके तुकडे ट्रेलरच्या पत्र्यावरून खाली पडत राहिले.

देवरावच्या पोटरीत वीतभर लांब काप गेला होता. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. तो विक्रमसमोर आला.

"तुले आयकू आली होती का?"

विक्रमचे ओठ पांढरे पडले होते. "आली होती, दादा."

"मंग हात काहून ठेवला?"

"तुमी मुकी म्हणले ना. मले वाटलं माह्याच कानात वाजून राहिलं."

देवराव त्या पोराकडं पाहत राहिला. पोर म्हणतो, पण बत्तीस वर्षांचा बाप्या आहे विक्रम, दोन लेकरांचा. मी गळ्यातला दुपट्टा काढून देवरावची पोटरी बांधली. त्यानं बांधू दिली.

एका अंगाची काच गेली होती आणि दुसऱ्या अंगाची तशीच घोडीवर होती. आता सगळा भार एकीकडं आला. ट्रेलर त्या बाजूला बसला होता आणि घोडीचा एक पाय उचलल्यासारखा दिसत होता. विक्रमच्या टोळीनं मोजे काढून खाली टाकले. मधुकररावांनी फोन फिरवला. क्रेनवाल्याला नाही फिरवला. अर्ध्या तासानं नाक्यावरून एका ऑटोत रोजंदारीवरचे सहा जण आले. पायात चपला.

"एक अंग उतरवायचंय," मधुकरराव त्यांना म्हणाले. "चला, चढा."

मी पुढं झालो, पण माझ्या आधी देवराव लंगडत गेला आणि ट्रेलरला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"मी बहिरा हाय," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्यानं, रस्त्यापर्यंत जाईल असा. "मी काचवाला देवराव. मले आयकू येत नाही. मी मुकी म्हणलो आणि ते पाहा तिकडं काय पडलं हाय. आता मी म्हणलो, या सायबानं म्हणलं, कोणीही म्हणलं तरी चढू नोका."

त्या सहांतला म्हातारा फुटलेल्या काचेकडं पाहत राहिला. मग सावलीत जाऊन उकिडवा बसला. बाकीचे त्याच्यामागं गेले. मधुकरराव बडबडत राहिले, पण क्रेन बोलवावी लागली. ती चार वाजता आली. तोवर ऊन लोखंडावर तापत होतं आणि घोडी अधूनमधून बोलत होती. दरवेळी आमच्या माना तिकडं वळायच्या. देवराव माना पाहायचा आणि हात आणखी ताणायचा.

क्रेन गेल्यावर मधुकररावांनी ट्रेलरची किल्ली मागितली. देवरावला पहिल्या वेळी कळलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी त्यांना ओरडावं लागलं.

सत्कार झाला नाही. मी नवा नियम लिहून दिला आहे: क्रेनशिवाय पट्टा सुटणार नाही, कोणाच्याही कानावर भरवसा नाही. सही अजून झालेली नाही. जुना कागद मधुकररावांनी काच लावून ऑफिसात टांगला आहे. नत्थूजीची आणि विक्रमची टोळी तिथं जात नाही. नाक्यावरची माणसं जातात. नवा ड्रायव्हर केबिनमधून उतरत नाही, खिडकीतून हात बाहेर काढून मुकी आहे म्हणतो.

देवराव रोज सकाळी गोडाऊनसमोरच्या टपरीवर जाऊन बसतो. सिंधूताई डबा देते. तो चहा पीत नाही, पेपर वाचत नाही. हमालांचे चेहरे पाहतो. एखाद्यानं चेहरा वाकडा केला, कानाशी हात नेला, की हा बोंबलत फाटकातून आत पळतो. दोन वेळा पळाला. एक वेळ उगाच होतं. एक वेळ नव्हतं.

काल मी त्याच्याजवळ बसलो होतो. ट्रेलर आतल्या बाजूला लागला, हमालांची पाठ आमच्याकडं. देवराव उठून फाटकाशी गेला. वॉचमननं काठी आडवी धरली. देवराव टाचा उंचावून पाहत राहिला, मीही पाहत राहिलो. आतून खटका पडल्याचा आवाज आला.

"सुटला का?" त्यानं मला विचारलं.

"सुटला," मी ओरडून सांगितलं.

आणि आम्ही दोघं काठीच्या अलीकडं थांबून राहिलो.